मोजणी

सर्व्हे नंबर एकशे चौदा: पड.
दप्तरात कानडीत लिहिलंय, मी घरी मराठीत तेच म्हणतो.
पड म्हणजे काही पिकत नाही, कुणाचं अडत नाही,
सौरवाल्या कंपनीला तीस वर्षं देता येईल.

हत्तरगीच्या वरच्या माळावर तिकाटणं रोवलं,
भिंगातून पाहिलं, तर झेंडीच्या जागी मेंढी.
काळी. कपाळावर पांढरा ठिपका.
तिच्या मागं दुसरी,
मग माळच हलायला लागला.

घोड्यावर वाघरी, पातेली, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या
आणि तीन दिवसांचं कोकरू.
मायाप्पा पुजेरी पायी.
"सायेब, ते तीनपायी बाजूला घ्या. बकरी बुजत्यात."
पाच मिनिटं थांब म्हणालो.
"थांबतो की. त्यांना कोण सांगायचं?"

चहा माझ्या थर्मासचा, दूध त्याचं.
तो म्हणाला, तुमचं हे मीटरात असतं, आमचं तळात.
इथून घटप्रभा दोन तळ.
तिथून अथणीपर्यंत, पूर्वी सहा.
आता ऊस लागलाय, बारमाही उभा,
ज्या रानात बसवायचो, रात्रीला चार पायली जोंधळा घ्यायचो,
तिथं ठिबक आहे. बकऱ्यानं नळी चावली की दंड.
फॉरेस्टनं चर खणलाय.
हायवेला सहा पट्टे. एक आडवा गेला की
मागच्यांना दिसत नाही पुढची कुठं गेली.
पावसाळ्यात पूर्वेला जायलाच लागतं, सायेब,
लोकर भिजली की खूर कुजतात.
हे सगळं त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही,
हिशेब सांगतात तसं, काडीनं मातीत रेघा ओढत.

मी त्याच्या रेघा माझ्या कागदावर घेतल्या.
पेन्सिलीनं, तुटक.
मग खुणांच्या यादीत शोधलं:
विहीर आहे, ओढा आहे, थडगं आहे, तारेचा खांब आहे.
वर्षातनं दोनदा चालतं आणि उरलेलं वर्ष
गवत असतं, अशा गोष्टीला खूण नाही.
साहेबांनी विचारलं, मालक कोण हिचा?
मी खोडरबर घेतला.
तो डाग अजून आहे म्हणे, बेळगावच्या कपाटात.

दीड वर्षानं कंपनीच्या मॅनेजरचा फोन.
काचांखाली गवत माजलंय, सावली पडते,
मजूर मिळत नाहीत.
तुमच्या ओळखीचा कुणी धनगर?
फक्त मेंढ्या हव्यात. शेळ्या काचेवर चढतात.

मायाप्पाचा नंबर लागत नव्हता. चिंचलीच्या जत्रेत गाठ पडली.
पाचशेतली एकशे दहा उरली होती.
थोरला गोकाकात सूत गिरणीला. घोडं विकलं.
कातरलेली लोकर कुणी घेत नाही, घोंगडी विणणारा मेला,
तेव्हा तो ती उशीत भरतो.
"फाटकाच्या आत?" त्यानं दोनदा विचारलं.
"दहा ते चार? आणि रात्री?"
रात्रीचं करारात नव्हतं.

तरी आला.
गेटवर वॉचमननं बकरी मोजली, रजिस्टरात लिहिली,
मायाप्पाचा अंगठा घेतला, आधार बघितलं.
मग साखळी काढली.

मला वाटलं, तुटून पडतील गवतावर.
कपाळावर ठिपका असलेली एक म्हातारी पुढं झाली.
तीच की तिची नात, मला ओळखता येत नाही.
काचांच्या दोन रांगांमधून,
एकाही काडीला तोंड न लावता,
ती सरळ चालत गेली, बाकीची मागं,
आणि पूर्वेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली.
जाळीला नाकं लावून. सगळी.

मॅनेजर म्हणाला, आजारी आहेत का?
मायाप्पा काही बोलला नाही, काठी काखेत धरून बसला.

मशीन जीपमध्येच होतं.
गेटपासून त्या कुंपणापर्यंत मेंढ्यांची ओळ
इतकी स्वच्छ होती की वाचन घेता आलं असतं.
दोनशे बारा मीटर, अंदाजे.
मी काच वर केली.
चारला अजून पाच तास होते.